घरचा संप आणि दारचा प्रवासी

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. विमान कंपन्या आणि त्यांचे कर्मचारी यांच्या तंट्यांनी ती पार उलटी केली आहे. येथे भांडण दोघांचे असते आणि हानी मात्र तिसऱ्याची होते. भांडणारे दोघे केव्हा तरी एका टेबलाभोवती बसतात, समझोता होतो, हस्तांदोलनाची छायाचित्रे छापून येतात, बडतर्फ झालेले पुन्हा कामावर रुजू होतात. परंतु ज्याची उत्तरक्रिया चुकली, ज्याची मुलाखत हुकली, ज्याच्या शस्त्रक्रियेची तारीख टळली, त्या प्रवाशाला त्या टेबलापाशी खुर्ची नसते. त्याचे नुकसान समझोत्याच्या कोणत्याच कलमात बसत नाही. ही केवळ दुर्दैवाची गोष्ट असती, तर आम्ही अग्रलेखाचा हा रकाना त्यासाठी खर्ची घातला नसता. ती नियमाने घडवून आणलेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती बदलता येण्याजोगी आहे.

या प्रश्नाचा कस विमानतळाच्या शहरात लागत नाही. मुंबईत वा दिल्लीत एक उड्डाण रद्द झाले, तर प्रवासी चडफडत का होईना, घरी परततो. आमच्या गोव्यात आज दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, कोकण रेल्वे आहे; येथेही हाल होतात, पण वाट अगदीच खुंटत नाही. खरा कस लागतो तो बालाघाटसारख्या गावी. मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरचा, वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा आमच्या वाचकांस दूरचा वाटेल. परंतु १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचा भाग होता, आणि आजही त्याची बाजारपेठ, त्याचे दवाखाने, त्याचे सोयरसंबंध सीमेपलीकडच्या गोंदिया-नागपूरशी जोडलेले आहेत. भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे साऱ्या देशाला पुरवणाऱ्या या जिल्ह्यात नियमित प्रवासी विमान मात्र उतरत नाही. बैहरजवळ बिरवा येथे धावपट्टी आहे, पण तिकिटाचे विमान नाही. जवळचा विमानतळ गोंदियाजवळच्या बिर्शीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ही धावपट्टी. तेथे २०२२ साली सुरू झालेली प्रवासी सेवा फार काळ टिकली नाही. २०२३ च्या डिसेंबरात ती नव्याने सुरू झाली. त्या मोजक्या फेऱ्यांपलीकडे जावयाचे, तर नागपूर गाठावे लागते, आणि ते दीडशे किलोमीटरांहून दूर आहे.

आता अशा गावातील एखाद्या घराचा विचार करावा. मुलगा हैदराबादेस वा पुण्यास नोकरीला. पहाटे दूरध्वनी येतो की वडील गेले. शेजारी-पाजारी जमतात, आप्तेष्ट येतात, मुलासाठी म्हणून संध्याकाळपर्यंत थांबावयाचे ठरते. मुलगा मिळेल त्या भावाने नागपूरचे तिकीट काढतो, विमानतळावर धावतो, आणि तेथील फलकावर त्याच्या उड्डाणासमोर 'रद्द' हा शब्द उमटतो. कारण विचारावे, तर 'कर्मचारी आजारी' असे सांगण्यात येते. एकाच रात्रीत शेकडो माणसे एकदम आजारी कशी पडली, हे विचारण्याची ती वेळ नसते. पुढचे विमान दुसऱ्या दिवशी. तेही निघेलच असे नाही. आगगाडीने यावे, तर रात्र जाते. सूर्य मावळतीला येतो आणि वैनगंगेच्या काठी धाकटा चुलतभाऊ अग्नी देतो. या प्रसंगाची किंमत तिकिटाच्या परताव्यात मोजता येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे वाचू नये.

प्रवासातील खोळंबा आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना नवा नाही. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, तेव्हा मुंबई आणि गोव्याच्या दरम्यानचा आधार म्हणजे आगबोट. ती पावसाळ्यात बंद राही. परंतु समुद्र पंचांग पाळतो. आगबोट केव्हा बंद होणार आणि केव्हा पुन्हा सुरू होणार, हे बंदरावरच्या हमालालाही ठाऊक असे. लग्ने, परीक्षा, चाकरमान्यांचे येणे-जाणे हे सर्व त्या बेताने आखले जाई. निसर्गाचा कोप आधी कळतो, मग माणसाचा तंटाच आधी का कळू नये? आमच्या प्रतिपादनाचे मूळ या एका प्रश्नात आहे.

गेल्या काही वर्षांचा इतिहास थोडक्यात आठवावा. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत एअर इंडियाच्या वैमानिकांचा दहा दिवसांचा संप झाला. पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्समधून आलेल्या वैमानिकांना समान वेतन हवे होते. २०१२ च्या मे महिन्यात त्याच कंपनीतील दुसऱ्या गटाच्या वैमानिकांनी 'आजारपण' पुकारले. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला मिळावे, हा वाद होता. तो तंटा ५८ दिवस चालला आणि जुलैच्या आरंभी मिटला. दोन्ही तंट्यांचे मूळ २००७ साली झालेल्या दोन सरकारी कंपन्यांच्या विलीनीकरणात होते. म्हणजे व्यवस्थापनाने पाच वर्षे न सोडवलेल्या गाठीत होते. त्याच २०१२ साली किंगफिशरच्या अभियंत्यांनी आणि वैमानिकांनी काम थांबवले, कारण त्यांना कित्येक महिने पगारच मिळाला नव्हता. ऑक्टोबरच्या आरंभी विमाने जमिनीवर आली आणि २० ऑक्टोबरला परवाना स्थगित झाला. अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे ७ मे २०२४ च्या रात्रीपासून एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी सामुदायिक आजारपणाची रजा घेतली. एका दिवसातच नव्वदहून अधिक उड्डाणे कोलमडली. कंपनीने २५ जणांना बडतर्फ केले, आणि ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर समझोता होऊन त्यांना परत घेतले. आखातात कामाला असलेली किती तरी कुटुंबे त्या दोन-तीन दिवसांत विमानतळांच्या फरशीवर पथारी पसरून होती. कर्मचाऱ्यांना नोकरी परत मिळाली, कंपनीला कर्मचारी परत मिळाले, प्रवाशाला गेलेला दिवस परत मिळाला नाही.

येथे नियम काय म्हणतो ते पाहणे अगत्याचे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली प्रथम काढलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या नियमावलीनुसार, कंपनीने उड्डाण रद्द करावयाचे झाल्यास प्रवाशाला निदान दोन आठवडे आधी कळवले पाहिजे आणि दुसरे उड्डाण अथवा संपूर्ण परतावा दिला पाहिजे. दोन आठवड्यांच्या आत रद्द करावयाचे, तर निदान २४ तास आधी कळवून मूळ वेळेच्या दोन तासांच्या आतील उड्डाण अथवा परतावा देऊ केला पाहिजे. असे न कळवल्यास परताव्याखेरीज भरपाईही द्यावी लागते: एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणास ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणास १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते. विमानतळावर येऊन पोहोचलेला प्रवासी दुसऱ्या उड्डाणाची वाट पाहत असेल, तर त्याच्या खाण्यापिण्याची सोय कंपनीने करावयाची आहे. येथवर सारे ठीक आहे. परंतु याच नियमावलीत एक चोरवाट ठेवलेली आहे. 'असाधारण परिस्थिती'त कंपनीला भरपाईतून सूट आहे, आणि या असाधारण परिस्थितीच्या यादीत राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, यादवी, दंगल, पूर, स्फोट यांच्याच पंक्तीला संप आणि कामगार तंटे नेऊन बसवले आहेत.

पूर आणि पगारवाढीचा तंटा एका पंगतीला! पूर कंपनीने आणलेला नसतो. तंट्याचे मात्र निम्मे कर्तृत्व कंपनीचेच असते. ज्या मालकाने महिनोन्‌महिने पगार दिला नाही, त्याच्या कामगारांनी हात आवरले, तर ती मालकाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती कशी म्हणावयाची? वाण्याने नोकराला पगार दिला नाही, नोकराने दुकान उघडले नाही, आणि आगाऊ पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाला वाण्याने सांगावे की, ही ईश्वरी इच्छा आहे! बाजारात असा व्यवहार कोणी ऐकून घेणार नाही. आकाशात मात्र तो नियम म्हणून चालतो. विमानतळ बंद पडला, हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणारे सरकारी कर्मचारी संपावर गेले, धुके दाटले, तर कंपनीचा नाइलाज असतो, हे आम्ही मान्य करू. परंतु स्वतःच्या छपराखाली, स्वतःच्या माणसांशी झालेला तंटा हा घरचा प्रश्न आहे. घरच्या भांडणाचा भुर्दंड दारी आलेल्या पाहुण्याने का भरावा?

हा विचार केवळ आमचा आहे असे नाही. युरोपीय संघात २००५ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे रद्द उड्डाणासाठी अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई द्यावी लागते, आणि तेथेही असाधारण परिस्थितीची सूट आहे. परंतु संप त्या सुटीत बसतो काय, हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला. एका जर्मन कंपनीने पुनर्रचना जाहीर करताच तिचे कर्मचारी एकदम आजारी पडले होते. आमच्याकडे २०२४ साली घडले तसेच. २०१८ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने सांगितले की, पुनर्रचना हा व्यवसायाच्या नित्य कारभाराचा भाग आहे आणि तिचे परिणामही कंपनीनेच सोसावयाचे आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये त्याहून पुढचे पाऊल पडले. स्कँडिनेव्हियातील एका कंपनीच्या वैमानिकांनी रीतसर सूचना देऊन केलेला संपही असाधारण परिस्थिती नव्हे, असा निर्णय झाला. हे नियम युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला लागू होतात. म्हणजे फ्रँकफुर्टहून निघालेल्या बालाघाटच्या तरुणाला आपल्या विमान कंपनीच्या घरच्या संपाबद्दल भरपाई मागता येते. तोच तरुण नागपूरहून निघाला, तर त्याला संपाचे कारण सांगून रिकाम्या हाताने परतवता येते. प्रवासी तोच, हक्क मात्र धावपट्टीगणिक बदलतो.

यावरून आम्ही कामगारांच्या विरुद्ध आहोत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. संपाचा हक्क हा फुकट मिळालेला नाही. १९७४ च्या मे महिन्यात लक्षावधी रेल्वे कामगार वीस दिवस संपावर होते. त्यांनी तुरुंग पाहिले, घरादारांवरून हकालपट्टी सोसली. त्या संपाच्या मागण्यांविषयी मतभेद असू शकतील, पण तो पुकारून, सांगून, नोटीस देऊन झालेला संप होता. या देशाला लढ्याची रीत ज्यांनी शिकवली, त्या गांधीजींनी १२ मार्च १९३० रोजी दांडीकडे पाऊल टाकण्यापूर्वी २ मार्चला व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार हे कळवले होते. प्रतिपक्षाला अंधारात ठेवून केलेला प्रहार सत्याग्रहात बसत नाही. मग ज्याचा तंट्याशी काही संबंध नाही अशा तिऱ्हाइताला अंधारात ठेवून केलेला प्रहार कोणत्या नीतीत बसतो? सामुदायिक आजारपण ही संपाची पळवाट आहे. प्रामाणिक तक्रारीला खोट्या दाखल्याची गरज नसते. वैमानिकाचा थकवा, केबिन कर्मचाऱ्याचे वेतन, विलीनीकरणात मागे पडलेली ज्येष्ठता, या तक्रारी खऱ्या असतील. नव्हे, बहुधा खऱ्याच असतात. त्या उघडपणे मांडल्या, तर प्रवासीही त्यांच्या पाठीशी उभा राहील. रात्रीतून आजारी पडणाऱ्यांच्या पाठीशी मात्र तो उभा राहणार नाही.

कायद्यातही हीच दृष्टी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक आहे, आणि निम्म्या वा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने घेतलेली नैमित्तिक रजा हाही संपच गणला जातो. येथे वाचकांनी एक योगायोग ध्यानात घ्यावा. संपाची नोटीस चौदा दिवसांची. उड्डाण रद्द करण्याची पूर्वसूचनाही दोन आठवड्यांची. दोन्ही कायदे चौदा दिवसांवर येऊन थांबतात, पण दोघांची गाठ कोणी घालून दिलेली नाही. संपाची नोटीस कामगार संघटनेकडून कंपनीला जाते, कंपनीकडून सरकारला जाते, आणि ज्याने तिकिटाचे पैसे मोजले आहेत त्याला ती वर्तमानपत्रातून कळली तर कळते. आमची सूचना सरळ आहे. नोटीस मिळाल्याच्या दिवशीच कंपनीने त्या काळातील प्रत्येक तिकीटधारकाला ती कळवावी. त्याला विनाशुल्क तारीख बदलण्याची वा संपूर्ण परतावा घेण्याची मुभा द्यावी. आणि त्यानंतरही ऐनवेळी उड्डाण रद्द झाल्यास भरपाई द्यावी. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप 'असाधारण परिस्थिती'च्या यादीतून काढून टाकावा.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, भरपाईचा बोजा पडला तर कामगार संघटनांच्या हाती कंपनीचा गळा जाईल. आम्हांस हे पटत नाही. चौदा दिवसांची मुदत ही वाटाघाटीसाठीच असते. भरपाईची टांगती तलवार असेल, तर व्यवस्थापन त्या मुदतीत गंभीरपणे बोलणी करील. आज ते प्रवाशांच्या हालांकडे बोट दाखवून सरकारी हस्तक्षेपाची वाट पाहते. बेकायदा संप झाला असेल, तर कंपनीला कायद्याचे मार्ग मोकळे आहेत; प्रवाशाला तसा एकही मार्ग नाही. दुसरा आक्षेप असा की, तिकिटे महागतील. थोडी महागतीलही. परंतु लाखो तिकिटांवर वाटला गेलेला अल्पसा भार आणि एका कुटुंबावर कोसळणारा सगळा भार, यांत न्याय कोणता, हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

संप हे निमित्त नसले, तरी व्यवस्थापनाचा दोष कसा प्रवाशाच्या माथी येतो, हे २०२५ च्या डिसेंबराने दाखवून दिले. वैमानिकांना अधिक विश्रांती देणारे नियम २०२४ च्या जानेवारीतच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तरीही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, तयारी अपुरी ठरली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कोणीही संप केला नव्हता. अन्य कंपन्यांची भाडी गगनाला भिडली तेव्हा सरकारला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरांपर्यंत ७,५०० रुपये, आणि दीड हजार किलोमीटरांपलीकडे १८,००० रुपये. हे पाऊल योग्यच होते. पण ते वराती मागून आलेले घोडे होते. अशी मर्यादा खोळंबा सुरू होताच आपोआप लागू व्हावयास हवी. प्रवाशाची अडवणूक हा कोणाच्याही नफ्याचा हंगाम असता कामा नये.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्रवाशाने सावध राहणे त्याच्याच हाती आहे, आणि काही गोष्टी आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. पहिली गोष्ट, तिकिटावर दूरध्वनी क्रमांक स्वतःचा द्यावा. लहान गावांतून तिकिटे एजंटाच्या दुकानातून काढली जातात आणि क्रमांक एजंटाचा पडतो. ज्याने संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नाही त्याला रद्द उड्डाणाची भरपाई मिळत नाही, असे नियमातच आहे. दुसरी गोष्ट, संपाची बातमी ऐकताच घाबरून आपण होऊन तिकीट रद्द करू नये. आपण रद्द केले, तर कंपनी रद्दीकरणाचा आकार कापते. कंपनीने रद्द केले, तर पूर्ण परतावा द्यावा लागतो. आधी कंपनीला विचारावे, विनाशुल्क बदल मिळतो का ते पाहावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. तिसरी गोष्ट, परताव्याऐवजी पुढील प्रवासासाठी रक्कम जमा ठेवण्याचा आग्रह झाला, तर तो मानणे बंधनकारक नाही. ती निवड प्रवाशाची आहे. एजंटामार्फत तिकीट काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी आहे.

बेत आखताना गावापासून विमानतळापर्यंतचा टप्पाही हिशेबात धरावा. दोन विमाने बदलावयाची असतील, तर शक्यतो एकाच तिकिटावर बदलावीत; वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान चुकवले गेले, तर दुसरी कंपनी हात वर करते. परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया, न्यायालयाची तारीख यांसाठी त्याच दिवशीच्या विमानावर विसंबू नये. एक दिवस आधी पोहोचावे. संपाचे सावट असेल, तर आगगाडीचे आरक्षण हाताशी ठेवावे. बालाघाटच्या प्रवाशाला या बाबतीत एक आधार आहे: चाळीसएक किलोमीटरांवरचे गोंदिया हे मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य मार्गावरील जंक्शन आहे आणि जुनी नॅरोगेज जाऊन तेथवर ब्रॉडगेज झाली आहे. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि अन्य वर्गांसाठी अकराला खुले होते, हे घरातील एकाने तरी ध्यानी ठेवावे. म्हाताऱ्या माणसांची औषधे सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत. प्रवासाचा विमा घेणाऱ्याने तो संपाची बातमी फुटण्यापूर्वी घ्यावा आणि त्यातील अपवादांची कलमे वाचावीत. आधीच जाहीर झालेला संप अनेकदा विम्यातून वगळलेला असतो.

नुकसान झालेच, तर कागद जपावेत. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश, टॅक्सीची, लॉजची, जेवणाची पावती, दुसऱ्या तिकिटाची प्रत, हे सर्व एका पाकिटात ठेवावे. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, मग सरकारच्या 'एअरसेवा' या व्यवस्थेकडे. तेथेही दाद लागली नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेली एक मोठी सोय अद्याप पुष्कळांस ठाऊक नाही: तक्रारदाराला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही, तो जेथे राहतो वा काम करतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. म्हणजे बालाघाटच्या माणसाने बालाघाटात आणि पेडण्याच्या माणसाने गोव्यातच दाद मागावी. मुदत दोन वर्षांची आहे.

कंपनीने 'संप' हा शब्द उच्चारला की वाद संपला, असेही मानू नये. सर्व वाजवी उपाय योजूनही जे टळले नसते त्यालाच असाधारण म्हणावयाचे आहे, आणि असे उपाय योजले होते हे कंपनीने दाखवावयाचे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली धुक्यामुळे खोळंबलेल्या विमानाच्या प्रकरणात सांगितले की, विलंबाचे कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असले, तरी अडकलेल्या प्रवाशांची काळजी घेण्याचे कर्तव्य सुटत नाही. धुक्यात जे कर्तव्य सुटत नाही ते संपात कसे सुटेल? २०२१ साली त्याच न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला. अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते. उशीर टाळता येण्याजोगा नव्हता हे रेल्वेला सिद्ध करता आले नाही, म्हणून त्या कुटुंबाला मिळालेली भरपाई न्यायालयाने कायम ठेवली. आगगाडीने विमानतळ गाठणाऱ्या प्रत्येक आडगावच्या प्रवाशाने हा निर्णय लक्षात ठेवावा. प्रवास हा एकसंध असतो. त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाने आपापली जबाबदारी झटकावयाची, ही रीत न्यायालयाला मान्य झालेली नाही.

विमानप्रवास ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. चतुर्थीला घरी येणारा आखातातील मुलगा, केमोथेरपीसाठी मुंबईस जाणारी आई, बालाघाटहून हैदराबादेस कामाला गेलेला गवंड्याचा शिकलेला पोर, हे सारे आज विमानात बसतात, आणि बहुधा साठवलेल्या वा उसन्या पैशांनी बसतात. लहान शहरांना विमान देण्याच्या योजना सरकारने मोठ्या अभिमानाने आखल्या. धावपट्ट्या बांधल्या, फिती कापल्या. पण ज्या गावी दिवसाकाठी एखाददुसरेच विमान आहे, त्या गावी एक रद्द उड्डाण म्हणजे साऱ्या शहराचा दरवाजा बंद होणे होय. विमान देणे हे अर्धे काम झाले. त्या विमानाचा शब्द खरा ठरवणे हे उरलेले अर्धे.

म्हणून गोव्याच्या, महाराष्ट्राच्या आणि मध्य प्रदेशच्या खासदारांना आमचे सांगणे आहे. महासंचालनालयाच्या नियमावलीतील एक ओळ बदलण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नव्या संहितेची चौदा दिवसांची नोटीस प्रवाशापर्यंत पोहोचवण्यासाठी नवा विभाग उघडावा लागत नाही. कामगाराने सांगून लढावे, मालकाने ऐकून बोलावे, आणि दोघांचे जमले नाही, तर त्याची किंमत त्या दोघांनीच मोजावी, एवढाच या बदलाचा अर्थ आहे. वैनगंगेच्या काठी मुलाची वाट पाहत थांबलेल्या माणसांना सूर्यास्तापूर्वी निदान खरे उत्तर मिळावे, यापेक्षा अधिक आम्ही काही मागत नाही.